जुन्या गाडीची गळती आणि खडखड : खर्चाआधी ठिकाण शोधा

गळिताचा हंगाम संपला आणि उसाचे बिल खात्यावर जमा झाले, की आपल्या भागात गाड्यांच्या दुरुस्तीचा हंगाम सुरू होतो. भरलेल्या ट्रॉल्यांनी चार-सहा महिन्यांत गावरस्त्यांची पार चाळण केलेली असते. दारातली जुनी गाडी खड्ड्याखड्ड्याला कुरकुरू लागते आणि उभी राहते तिथे तेलाचा डाग पाडते. मालक ती गॅरेजला नेऊन लावतो आणि सांगतो, "काय असेल ते बघा." खिशाला खरी गळती लागते ती इथे! कारण 'काय असेल ते' बघताना चार सुटे भाग बदलले जातात आणि डाग पुन्हा होता तिथेच पडतो.

आपल्याकडे हौसेने सांभाळलेल्या जुन्या गाड्या मुख्यतः दोन, पद्मिनी आणि अँबॅसिडर. पद्मिनीचे आणि साखरधंद्याचे तर जवळचे नाते आहे. वालचंदनगरचा साखर कारखाना उभारणारे सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनीच 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट आणि 1974 पासून पद्मिनी या नावाने ही गाडी बाहेर पडत राहिली. तिचे उत्पादन बंद होऊन वीस वर्षांवर काळ लोटला. अँबॅसिडरचे उत्पादन 2014 साली थांबले. म्हणजे सुटे भाग आता जपूनच वापरायचे आहेत. म्हणून आमचे सांगणे एवढेच, की आधी रोगाचे ठिकाण शोधा, मग पाना हातात घ्या.

तेल नेमके कुठले?

पाइपलाइन फुटली की ओल खालच्या बांधाला दिसते, पण फूट असते वरच्या अंगाला. गाडीचेही तसेच आहे. तेल खाली उतरते आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे ढकलले जाते. त्यामुळे थेंब पडतो ती जागा गुन्हेगार असतेच असे नाही. सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा धरावी.

पहिले काम म्हणजे तेल ओळखणे. रात्री गाडीखाली जुनी वर्तमानपत्रे किंवा पुठ्ठा पसरा. चारही चाके कुठे आहेत आणि गाडीचे तोंड कुठे आहे, याच्या खुणा त्यावर करा. सकाळी डाग वाचा. पुढच्या भागात तपकिरी वा काळा डाग असेल तर ते इंजिन ऑईल. मधोमध किंवा मागे दाट आणि गंधकासारखा उग्र वास येणारे तेल दिसले तर गिअर-बॉक्स किंवा डिफरन्शियल. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, पिवळसर, बोटाला बुळबुळीत लागणारे आणि रंग उडवणारे तेल दिसले तर मंडळी, ते ब्रेक ऑईल! अशी गाडी जागची हलवू नये, मिस्त्रीलाच घरी बोलवावे. इंजिनचे तेल थोडे गळाले तर पैशाचे नुकसान होते. ब्रेकचे गळाले तर घाटात काय होईल ते सांगायला नको.

इंजिनचेच तेल आहे असे ठरले, तर इंजिन गार असताना रॉकेल किंवा डिझेल लावून ब्रशने स्वच्छ धुवा आणि पुसून कोरडे करा. धुण्याला पेट्रोल वापरू नका आणि जवळ विडी-काडी नको. कोरड्या भागावर साधी अंगाला लावायची पावडर भुरभुरा, मात्र फिरत्या पट्ट्यांपासून आणि कार्बोरेटरच्या तोंडापासून ती दूर ठेवा. मग पाच-सात किलोमीटर चक्कर मारून बॉनेट उघडा. पावडरीवर ओली रेघ उमटलेली दिसेल. ती जिथून निघते ते तुमचे ठिकाण.

नेहमीच्या जागा ठरलेल्या आहेत. वर टॅपेट कव्हरचे पॅकिंग, पुढे टायमिंग कव्हरचे ऑईल सील, बाजूला पेट्रोल पंपाचे पॅकिंग, ऑईल प्रेशरचा स्विच आणि फिल्टर, खाली चेंबरचे पॅकिंग. क्लच हाऊसिंगच्या तळातून थेंब पडत असेल तर इंजिनचे मागचे सील किंवा गिअर-बॉक्सचे पुढचे सील गेले असावे. दोन्हींतला फरक वासाने कळतो. टॅपेट कव्हर गळते म्हणून त्याचे नट जोर लावून आवळण्याची पुष्कळांना सवय आहे. तसे केल्याने कॉर्कचे पॅकिंग चेपते, पत्रा वाकतो आणि गळती वाढते. नट बेताने, आळीपाळीने आवळावेत.

सील बदलण्याआधी श्वास बघा

गळती एकाच वेळी पाच ठिकाणी दिसली, तर पाच सीलं एकदम गेली असे समजू नका. इंजिनाला श्वास घ्यायला ब्रीदर नळी असते. ती मळाने तुंबली, की आतला दाब तेलाला मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलतो. नळी काढून धुतली की पुष्कळदा काम फुकटात होते. नळी साफ असूनही तेल भरण्याचे झाकण काढल्यावर चालू इंजिनातून भकभक धूर येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असाव्यात. अशा इंजिनाला नवी सीलं घालणे म्हणजे फुटक्या घागरीला बाहेरून शेण लिंपणे!

तेलाची पट्टीही दर आठवड्याला बघावी. सपाट जागेवर, गार इंजिनात, दोन खुणांच्या मध्ये तेल हवे. 'असू दे थोडं जास्त' म्हणून वर भरलेले तेल फेसाळते आणि बाहेर वाट शोधते. न भरता पातळी चढत असेल आणि पट्टीला पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल पंपाचा पडदा फाटला असण्याचा संभव आहे. पातळ झालेले तेल बेअरिंगे खाते, म्हणून गाडी तशी चालवू नये.

आवाज ऐकावा कसा

आता खडखडीकडे वळू. पहिली गोष्ट, डिकी रिकामी करा. जॅक, पाना, स्टेपनी आणि खताची रिकामी पोती यांचा आवाज सस्पेन्शनच्या नावावर खपतो. बॅटरीचा पट्टा आणि सायलेन्सरचे हँगर हलवून बघा. मग एकाला शेजारी बसवून ओळखीच्या खड्ड्यांवरून सावकाश गाडी न्या. आवाज कोणत्या कोपऱ्यातून आणि कधी येतो, ते कागदावर टिपा.

दाबले की कुईकुई करते, तो कोरडा रबरी बुश किंवा मागचे पाटे. संशयित बुशवर पाणी शिंपडा. आवाज क्षणभर थांबला तर बुश सापडला. रबराला ऑईल-ग्रीस मात्र लावू नका, त्याने रबर फुगून सैल होते. बारीक खड्ड्यांवर खटखट येत असेल तर शॉक अॅब्सॉर्बरची बांधणी आणि अँटी-रोल बारचे बुश तपासा. गाडी सुटताना आणि ब्रेक मारताना एकेकदाच 'टक्' होत असेल, तर मागच्या पाट्यांचे यू-बोल्ट किंवा प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस बघा. मोठ्या खड्ड्यात 'धाड' होत असेल तर तुटलेला पाटा किंवा झिजलेला रबरी ठोकळा. वेगाबरोबर वाढणारा आणि वळणावर बदलणारा घुंई आवाज बहुधा चाकाच्या बेअरिंगचा असतो.

शॉक अॅब्सॉर्बरसाठी गाडीचा कोपरा जोराने दाबून सोडा. एक-दीड झोक्यात गाडी थांबली तर ठीक. डुलतच राहिली आणि शॉकच्या नळीवर तेल ओघळलेले दिसले, तर त्याचे आतले सील गेले. गळती आणि खडखड यांचे मूळ इथे एकच असते! एका बाजूचा गेला तरी त्या जोडीतले दोन्ही बदलावेत.

पुढच्या चाकाची परीक्षा तर महत्त्वाचीच. चाक जॅकवर उचला, बाकीच्या चाकांना दगड लावा आणि खाली भक्कम लाकडी ओंडका ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. चाक वर-खाली धरून हलवा. लपक जाणवली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. लपक नाहीशी झाली तर दोष बेअरिंगचा, राहिली तर किंगपिन किंवा सांध्याची झीज. मग डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवा. तिथे लपक असेल तर टायरॉड एंड किंवा स्टिअरिंगचे सांधे बघा. हे काम पुढच्या बिलावर ढकलण्याचे नाही.

पैसा कोणत्या क्रमाने घालावा

आमच्या मते क्रम असा असावा. पहिला पैसा ब्रेक आणि स्टिअरिंगला. दुसरा चाकाचे बेअरिंग, तुटलेला पाटा आणि सैल यू-बोल्ट यांना. तिसरा शॉक अॅब्सॉर्बर आणि बुशांना. इंजिनची बारीक पाझर शेवटी आली तरी चालेल, मात्र पट्टी बघत राहावी. आणि ज्या गाडीला ग्रीस निपल आहेत, तिला वेळच्या वेळी ग्रीस द्यावे. चार पंप ग्रीसचा खर्च तो किती!

सभासद बंधू-भगिनींनो, मिस्त्रीवर अविश्वास दाखवा असे आम्ही म्हणत नाही. चांगल्या मिस्त्रीला नेमके बोलणारे गिऱ्हाईक आवडते. 'गाडी वाजते' एवढेच न सांगता 'डावं पुढचं चाक, ब्रेक दाबला की लपक जाते' असे सांगा. त्याचा अर्धा दिवस वाचेल आणि तुमचे ऊसबिल घरच्या कामी येईल.