शवविच्छेदन: मीठ, काच आणि संमती

एखाद्या गावात शेतात कुणी मृतावस्थेत आढळलं, की आधी पोलिसांचा पंचनामा आणि मग पोस्टमॉर्टेम. अशा संशयास्पद मृत्यूत नातेवाइकांची परवानगी लागत नाही; पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 174, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 194.

डॉक्टर आधी बाहेरून पाहतात: जखमा, ताठरपणा, रक्त साकळल्याचे डाग. मग डोकं, छाती, पोट उघडतात. सापानं दंश केला की फवारणीचं औषध पोटात गेलं, हे नुसत्या नजरेनं नेहमी ठरत नाही. म्हणून जठर, आतडं, यकृत, मूत्रपिंडाचे भाग काचेच्या बरण्यांत सीलबंद करून प्रयोगशाळेकडे जातात. त्यालाच व्हिसेरा म्हणतात. तो सहसा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. फॉर्मलीन चालत नाही, कारण त्यामुळे विष शोधणं अवघड होतं. अहवालाला लागणारा वेळ मात्र घरच्यांचा अंत पाहतो.

दुसरा प्रकार आपल्याकडे जवळजवळ विसरलेला: वैद्यकीय शवविच्छेदन. रुग्णालयात आजारानं मृत्यू झाला, पण निदान नीट जुळत नाही, तेव्हा नातेवाइकांच्या संमतीनं ते होतं. मॉर्गान्यी या इटालियन डॉक्टरनं 1761 मध्ये सुमारे 700 शवविच्छेदनांचा ग्रंथ छापला आणि रोगाचा पत्ता अवयवांत शोधायची सवय वैद्यकाला लागली. आज स्कॅन आहेत, तरी मृत्यूपूर्वीचं निदान चुकल्याचं कधीकधी टेबलावरच कळतं.

‘देहाची विटंबना’ ही भीती मी समजू शकतो. पण छेद शिवून, देह स्वच्छ करूनच तो घरच्यांच्या ताब्यात द्यायचा असतो. नोव्हेंबर 2021 पासून, पुरेशी सोय असेल तिथे, सूर्यास्तानंतरही शवविच्छेदनाला केंद्रानं मुभा दिली. खून, आत्महत्या, बलात्काराच्या प्रकरणांत ती सहसा नाही.