आकडा, चिठ्ठ्या आणि पगाराचा हिशेब

गणिताची कोडी सोडविणे हा पोट भरलेल्या माणसांचा विरंगुळा होय, अशी आपल्याकडे समजूत आहे. आमचे मत निराळे आहे. ज्याच्या खिशात मोजकेच पैसे असतात, त्यालाच संभवाचे गणित अधिक उपयोगी. कारण चुकलेल्या अंदाजाची किंमत त्याला परवडत नाही.

सोलापूर हे कापसाच्या धंद्यावर वाढलेले शहर. येथील पहिली कापड गिरणी १८७७ सालची. मटक्याचा जुगारही कापसातूनच जन्मला. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातून मुंबईस येणाऱ्या भावांच्या आकड्यांवर पूर्वी पैसे लावीत. १९६० नंतर लवकरच ते भाव येणे थांबले, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढण्याची युक्ती निघाली. पुढे चिठ्ठ्यांच्या जागी पत्ते आले. जुन्या गिरण्या बंद पडल्या, जुगाराला कायद्याची बंदी आहे, तरी आकड्याचा नाद कामगारवस्तीतून गेलेला नाही. उपदेशाने तो जात नाही, हे आम्ही पाहिले आहे. म्हणून आम्ही सोबत्यांपुढे उपदेशाऐवजी कोडे ठेवतो.

कोडे असे. शून्य ते नऊ असे दहा अंक आहेत. रोज त्यांतला एक निघतो. एकाने दहा दिवस सातावरच पैसे लावले. सात एकदा तरी निघेलच ना?

बहुतेक जण म्हणतात, ‘निघेलच.’ मग आम्ही दहा चिठ्ठ्या गाडग्यात टाकतो. एक काढायची, अंक लिहायचा, चिठ्ठी परत टाकायची. असे दहा वेळा. पुन्हा नवा डाव. काही डाव झाले की, सात एकदाही न आलेले डाव कागदावर दिसू लागतात.

आता हिशेब. एका दिवशी सात न येण्याचा संभव दहांत नऊ. दोन्ही दिवस न येण्याचा शंभरांत ८१. असे दहा दिवस गुणत गेले, तर शंभरांत सुमारे ३५ उरतात. म्हणजे शंभर जण खेळले, तर साधारण ३५ जण हात हलवीत घरी जातात. ‘बरेच दिवस सात आला नाही, आता येणारच,’ हेही खरे नव्हे. चिठ्ठीला कालची आठवण नसते.

कोणी म्हणतो, ‘हरलो की दुसऱ्या दिवशी दुप्पट लावावे.’ दहा रुपयांपासून आरंभ करा. दहाव्या दिवशी ५,१२० रुपये लावावे लागतात आणि एकूण १०,२३० रुपये गुंततात. ते सर्व बुडण्याचा संभव तोच, शंभरांत ३५. शिवाय आकडा लागला तर रुपयाला नऊ मिळतात असे धरले, तरी लावलेल्या शंभरांपैकी सरासरी नव्वदच परततात. रक्कम वाढवून ही तूट भरत नाही, उलट वाढते.

हे गणित मुळात दोघांच्या चर्चेतूनच उभे राहिले. १६५४ साली फ्रान्समध्ये पास्कल आणि फेर्मा यांनी पत्रांतून एक कोडे सोडविले. दोघे खेळाडू प्रत्येकी ३२ नाणी लावतात. तीन डाव आधी जिंकणारा सर्व नेतो. एकाचे दोन, दुसऱ्याचा एक डाव झाला असता खेळ थांबला. वाटणी कशी करावी? पास्कल म्हणाला, पुढचा डाव पहिल्याने जिंकला तर त्याला ६४, हरला तर बरोबरी, म्हणून ३२. तेव्हा ३२ त्याचे निश्चितच. उरलेल्या ३२ चे निम्मे १६. वाटणी ४८ आणि १६. फेर्माने सर्व शक्यता मोजल्या. उत्तर तेच आले. शक्यता मोजण्याची ही रीत आपल्यालाही परकी नाही. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म किती प्रकारे देता येतील, हा प्रश्न भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त आहे. उत्तर २४.

आमचे नियम थोडेच आहेत. प्रत्येकाने आपला अंदाज आधी लिहावा. चुकलेल्याला हसू नये. पुढारी सांगतो म्हणून उत्तर मान्य करू नये, ‘कसे मोजले?’ असे विचारावे. हा प्रश्न विचारण्याची सवय लागलेला कामगार पगाराच्या कागदावरील कपातीलाही तोच प्रश्न विचारतो. दहा चिठ्ठ्या आणि एक गाडगे यांना खर्च येत नाही. घरच्या मंडळींसह हा प्रयोग अवश्य करून पाहावा.