महाबळेश्वर आणि वाई एकाच चौकटीत

पावसाळ्यात महाबळेश्वरहून वाईला उतरलेल्या प्रत्येकाने हा अनुभव घेतलेला असतो. वर दाट धुके, रेनकोट असूनही भिजलेले कपडे, दहा फुटांपलीकडचे दिसायची मारामार. पाचगणी मागे टाकून पसरणी घाट उतरावा, तर खाली वाईत कोरडा रस्ता आणि ढगांच्या फटीतून पडलेले ऊन. दोन गावांतले अंतर जेमतेम तीस-बत्तीस किलोमीटर. पण महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि वाईला सात-आठशेच्या आसपास. शाळेच्या भूगोलात आपण यालाच पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणून शिकलो.

आता अशी कल्पना करा, की साऱ्या जगाचा नकाशा शंभर किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकटींत कापला आणि प्रत्येक चौकटीला पावसाचा एकच आकडा द्यायचा ठरवले. महाबळेश्वर आणि वाई एकाच चौकटीत येतील. मग आकडा कोणाचा धरायचा?

जागतिक हवामानाची संगणकीय प्रारूपे, म्हणजे मॉडेल, तयार करणाऱ्या संशोधन केंद्रांपुढचा हा नेहमीचा प्रश्न आहे. ‘शतकाच्या अखेरीस तापमान इतके अंश वाढणार’ अशा बातम्या आपण वाचतो. त्या आकड्यांमागे हीच प्रारूपे असतात. शेती, धरणे, दवाखाने, शहरांचे आराखडे यांची धोरणे त्यांवर ठरू लागली आहेत. तेव्हा हे आकडे येतात कुठून आणि त्यांच्यावर किती विसंबावे, हे समजून घेणे आपल्या हिताचे आहे.

हाताने केलेले गणित

चौकटींची कल्पना संगणकाच्या आधीची आहे. लुईस फ्राय रिचर्डसन हा ब्रिटिश गणितज्ञ पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत होता. त्या धामधुमीत त्याने युरोपचा नकाशा चौकटींत विभागला आणि हवेचा दाब, वारा, तापमान यांची समीकरणे हाताने सोडवत २० मे १९१० या एका दिवसाचा सहा तासांचा अंदाज काढला. या सहा तासांसाठी त्याला सहा आठवडे लागले आणि उत्तर सपशेल चुकले. सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारने वाढेल असे गणित सांगत होते. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळजवळ स्थिर होता. रिचर्डसनने १९२२ साली पुस्तक लिहून आपली पद्धत मांडली आणि तिच्यासोबत हे फसलेले उत्तरही छापले. पद्धत बरोबर होती, सुरुवातीच्या नोंदी सदोष होत्या, हे पुढे सिद्ध झाले. आज जगातले प्रत्येक हवामान केंद्र मुळात त्याच वाटेने चालते.

संगणक आल्यावर ही वाट मोकळी झाली. जपानमध्ये जन्मलेले आणि १९५८ साली अमेरिकेत गेलेले स्युकुरो मनाबे यांनी तिथल्या भूभौतिकी द्रवगतिकी प्रयोगशाळेत काम सुरू केले. ही प्रयोगशाळा पुढे प्रिन्स्टनला गेली. १९६७ साली मनाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी साऱ्या पृथ्वीऐवजी हवेचा एकच उभा स्तंभ गणितात मांडला. त्यातला कार्बन डायऑक्साइड दुप्पट केला तर तापमान सुमारे २.३ अंश सेल्सियसने वाढते, असे उत्तर आले. आजच्या प्रचंड प्रारूपांच्या आणि निरीक्षणांच्या आधारे आंतरसरकारी हवामान बदल समितीने, म्हणजे आयपीसीसीने, २०२१ साली दिलेले उत्तर आहे सुमारे ३ अंश, बहुधा अडीच ते चारच्या दरम्यान. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीचा तो साधा स्तंभ फार दूर नव्हता.

त्या शोधनिबंधातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची होती. कार्बन डायऑक्साइड वाढला, की जमिनीजवळची हवा तापते, पण उंचावरचा स्थितांबराचा थर उलट थंड होतो, असे गणित सांगत होते. तापमानवाढ सूर्यामुळे होत असती, तर दोन्ही थर तापले असते. पुढे फुगे आणि उपग्रह यांनी घेतलेल्या नोंदींत खाली उष्णता आणि वर थंडावा हेच चित्र दिसले. मनाबे आणि जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या माक्स प्लांक हवामानशास्त्र संस्थेचे संस्थापक क्लाउस हासेलमान यांना २०२१ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले, ते या कामांसाठी.

उद्याचे सांगता येत नाही, मग २०८० चे कसे?

ही शंका कट्ट्यावर हमखास निघते आणि ती रास्त आहे. येत्या १५ जुलैला पुण्यात पाऊस पडेल का, हे आज कोणीच सांगू शकत नाही. पण जुलै महिना जानेवारीपेक्षा ओला असेल, हे कोणीही पैजेवर सांगेल. पहिला प्रश्न रोजच्या हवेचा आहे, दुसरा हवामानाच्या सरासरीचा. प्रारूपे २०८० मधल्या एखाद्या दिवसाबद्दल काही सांगत नाहीत. त्या काळातली दहा-वीस वर्षे एकत्र धरली, तर चित्र कसे असेल, एवढेच सांगतात.

तरीही परीक्षा घेतल्याशिवाय विश्वास का ठेवावा? अशी एक परीक्षा निसर्गानेच घेतली. जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि गंधकाची प्रचंड वाफ वातावरणात उंच गेली. न्यूयॉर्कमधल्या नासाच्या गॉडर्ड संस्थेतले जेम्स हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी आपल्या प्रारूपाच्या आधारे आधीच जाहीर केले, की यामुळे जग सुमारे अर्ध्या अंशाने थंड होईल आणि काही वर्षांत तापमान पुन्हा वर येईल. तसेच घडले.

दुसरी परीक्षा शास्त्रज्ञ एकमेकांची घेतात. अमेरिकेतले बोल्डर, ब्रिटनमधल्या एक्सेटरचे हॅडली केंद्र, हॅम्बुर्ग, जपान, चीन अशा अनेक ठिकाणचे गट १९९५ पासून एका सामायिक प्रकल्पात सहभागी होतात. सीएमआयपी हे त्याचे संक्षिप्त नाव. सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका मिळते : १८५० पासूनचे वायूंचे प्रमाण, ज्वालामुखींचे उद्रेक, सूर्यप्रकाशातले चढउतार ही माहिती घ्या आणि गेल्या दीडशे वर्षांचे हवामान पुन्हा घडवून दाखवा. मग माणसाने सोडलेले वायू वगळून तेच गणित करा. वायू वगळले, की गेल्या काही दशकांची तापमानवाढ एकाही प्रारूपाला दाखवता येत नाही.

पाषाणचे घड्याळ

या प्रश्नपत्रिकेच्या सहाव्या फेरीत भारताची, किंबहुना दक्षिण आशियाची, पहिली उत्तरपत्रिका पुण्यातून गेली. पाषाणची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, म्हणजे आयआयटीएम, १९६२ साली स्थापन झाली. तिथल्या शास्त्रज्ञांनी मान्सूनच्या हंगामी अंदाजासाठी वापरले जाणारे एक अमेरिकी प्रारूप हाती घेतले. त्यातला महासागराचा भाग मुळात प्रिन्स्टनच्या त्याच प्रयोगशाळेतला, जिथे मनाबे काम करत होते.

अडचण अशी, की हे प्रारूप काही महिन्यांच्या अंदाजासाठी बनवलेले होते. ते शंभर वर्षे चालवले, की हळूहळू थंड पडत जाई. रोज एक सेकंद मागे पडणारे घड्याळ आठवडाभर चालवले, तर कोणाच्या लक्षातही येत नाही. शंभर वर्षांनी ते दहा तास मागे गेलेले असते. आत येणारी आणि बाहेर जाणारी उष्णता यांचा जमाखर्च जुळवणे, समुद्राचे आणि ध्रुवीय बर्फाचे गणित सुधारणे, यात पुण्याच्या गटाची कित्येक वर्षे गेली. त्यातून उभे राहिलेले प्रारूप आयआयटीएम-ईएसएम या नावाने ओळखले जाते. आयपीसीसीच्या सहाव्या अहवालासाठी वापरलेल्या प्रारूपांत त्याचा समावेश आहे.

आपले प्रारूप हवे कशाला, असा प्रश्न पडू शकतो. उत्तर मान्सूनमध्ये आहे. परदेशी केंद्रांच्या अनेक प्रारूपांत मध्य भारतावर पाऊस प्रत्यक्षापेक्षा कमी पडतो आणि शेजारच्या समुद्रावर जास्त. त्या देशांचे यावाचून फारसे अडत नाही, आपले अडते.

मात्र या प्रारूपाच्या वातावरणातली चौकट सुमारे दोनशे किलोमीटरची आहे. महाबळेश्वर-वाईच काय, कोकण किनारा आणि देशावरचा मोठा मुलूखही तिच्यात एकत्र मावेल. एवढ्या चौकटीत सह्याद्रीचा कडा हा कडा राहत नाही, बुटका चढ होतो. ढग तर चौकटीपेक्षा कितीतरी लहान, म्हणून त्यांचे गणित ठोकताळ्यांनी करावे लागते. निरनिराळ्या प्रारूपांची उत्तरे वेगळी येतात, त्याचे मोठे कारण हे ढगच आहेत.

मग चौकट लहान का करत नाहीत? लांबी, रुंदी निम्मी केली, की चौकटी चौपट होतात. शिवाय गणिताच्या वेळेचा टप्पाही निम्मा करावा लागतो. म्हणजे काम आठपट. या हिशेबाने शंभरवरून सहा किलोमीटरवर यायचे, तर काम साडेचार हजार पटींहून अधिक वाढते. २०२४ साली आयआयटीएममध्ये ‘अर्क’ हा महासंगणक सुरू झाला. त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप, एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला दहा लाख अब्ज गणिते. त्याच्या बळावर मे २०२५ मध्ये सहा किलोमीटर चौकटीची ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सुरू झाली. तिच्यात महाबळेश्वर आणि वाई अखेर वेगळे झाले, पण काही दिवसांच्या अंदाजापुरते. शंभर वर्षांसाठी तेवढे बारीक गणित आजही आवाक्याबाहेरचे आहे.

आकडा दवाखान्यापर्यंत

तरीही ढोबळ आकडे निरुपयोगी नसतात. आयआयटीएमच्या संशोधकांनी जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातल्या डेंग्यूचा अभ्यास प्रसिद्ध केला. २७ अंशांहून अधिक तापमान, सारखा पडणारा मध्यम पाऊस आणि ६० ते ७८ टक्के आर्द्रता जुळून आली, की डेंग्यू वाढतो. उलट आठवड्यात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, तर डासांची अंडी आणि अळ्या वाहून जातात. हे नाते हवामान प्रारूपांच्या भविष्यचित्रांशी जोडले, तेव्हा पुण्यातले डेंग्यूचे मृत्यू नजीकच्या दशकांत सुमारे १३ टक्क्यांनी वाढू शकतात, असे दिसले. याच नात्याच्या आधारे दोन महिन्यांहून अधिक आधी साथीचा इशारा देणे शक्य आहे, असेही हा अभ्यास सांगतो. एवढ्या अवधीत धूरफवारणी, रक्तबिंबिकांचा साठा, रुग्णालयातल्या खाटा यांची तयारी करता येते. अट एकच : आरोग्य विभागाकडच्या रुग्णसंख्येच्या नोंदी संशोधकांना नियमित आणि खऱ्या मिळायला हव्यात.

हवामानाचा असा आकडा वाचनात आला, की तीन गोष्टी विचारून पाहाव्यात. तो एका प्रारूपाचा आहे की अनेकांचा? केवढ्या प्रदेशाचा आहे? आणि पुढे वायू किती सोडले जातील, असे गृहीत धरले आहे? साऱ्या जगाच्या तापमानाच्या आकड्यावर भक्कम विसंबावे, देशाच्या पावसाचा आकडा जपून वापरावा आणि आपल्या तालुक्याचा २०८० चा पाऊस कोणी नेमका सांगू लागला, तर हात जोडावेत.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० मधल्या अहवालानुसार भारताचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशाने वाढले आहे. १९७६ ते २००५ च्या सरासरीच्या तुलनेत शतकाच्या अखेरीस ही वाढ मध्यम उत्सर्जनात सुमारे २.४ अंश असेल, तर बेसुमार उत्सर्जनात ४.४ अंश. या दोन आकड्यांतला दोन अंशांचा फरक प्रामुख्याने माणसे पुढे काय करतील, यावर ठरतो. तो कोणत्याही महासंगणकाला आधी सांगता येणार नाही.