अपठित उताऱ्याची तयारी

दहावीच्या राज्य मंडळाच्या तृतीय भाषा इंग्रजीच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत ज्या अपठित उताऱ्यावर १० गुणांच्या कृती आणि ५ गुणांचे सारांशलेखन अवलंबून असते, त्याची तयारी, तो पुस्तकात नसल्यामुळे, करताच येत नाही असा समज पुष्कळांनी करून घेतलेला असतो.

वस्तुतः उतारा नवा असला तरी कृतींचा शिरस्ता ठरलेला आहे: पहिल्या दोन कृती आशयाच्या, तिसरी शब्दसंपत्तीची, चौथी व्याकरणाची आणि पाचवी स्वमताची. म्हणून कृती आधी नजरेखालून घालून मगच उतारा सावकाश वाचावा.

घरी सराव करताना अपरिचित शब्द आढळताच कोशाकडे धाव न घेता, मागचीपुढची वाक्ये पारखून आणि उपसर्ग-प्रत्यय निराळे करून अर्थाचा अदमास बांधावा, नंतर कोशात त्याची रुजुवात घ्यावी आणि तो शब्द त्याच्या वाक्यासह, समानार्थी व विरुद्धार्थी शब्द जोडून, वहीत दाखल करावा.

स्वमत मात्र स्वतःच्याच वाक्यांत लिहावे; आणि सारांशातून उदाहरणे व पुनरुक्ती वगळून त्यास समर्पक शीर्षक द्यावयास विसरू नये.