दुरुस्तीनंतर पुन्हां समुद्रावर



नागपूरच्या नभोवाणीवरून समुद्राची गोष्ट ऐकवावयाची, याचें आपणांस थोडें नवल वाटेल. अंबाझरीच्या काठीं उभें राहून वाऱ्यानें उठणाऱ्या लाटा पाहाव्या, एवढाच आपला जलविहार! परंतु आपल्यापैकीं कित्येकांचे आप्त मुंबईस राहतात, आणि त्यांतील एखाद्यास शिडाच्या नौकेचा नाद असतो. माझे थोरले बंधु असेच एक. त्यांची नौका दोन पावसाळे दुरुस्तीसाठीं किनाऱ्यावर पडून होती. ती पुन्हां पाण्यांत उतरली तेव्हां काय घडलें, तें आज सांगणार आहें.

कोंकणाला ही गोष्ट नवी नाहीं. पावसाळा तोंडावर आला कीं तेथें होड्या व गलबतें किनाऱ्यावर ओढून शाकारतात, आणि नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण केल्यावर पुन्हां दर्यावर लोटतात. मधल्या काळांत लाकूड सुकून आकसतें व फळ्यांच्या सांधी उघडतात. विदर्भांतील शेतकऱ्यास याचें कारण सांगावयास नको. उन्हाळ्यांत बैलगाडीचें चाक सुकतें, त्यावरची लोखंडी धाव ढिली पडते, आणि मग तें चाक नाल्याच्या पाण्यांत बुडवून ठेवावें लागतें. लाकडी नौकेचेंही तसेंच आहे. पाण्यांत उतरविल्यावर ती एकदोन दिवस पाझरते. फळ्या फुगल्या म्हणजे सांधी मिटतात. तोंवर घाबरूं नये, पण तिला एकटी सोडूनही जाऊं नये. फायबरच्या नौकेस मात्र ही सवलत नाहीं. तिच्यांत पाणी दिसलें तर तें कोठून आलें हें शोधलेंच पाहिजे.

दादांची नौका फायबरचीच होती. नवा रंग, नवे दोर, धुऊन शिवलेलीं शिडें. नवरीसारखी सजली होती. पहिल्याच रविवारीं सर्व कुटुंबासह मांडव्यास जाण्याचा त्यांचा बेत होता. वहिनींनीं मात्र हट्ट धरला. त्या म्हणाल्या, “आधीं तुम्ही दोघे जाऊन या; मुलें पुढच्या खेपेस येतील.” दादा थोडे रागावले, पण ऐकलें.

बंदरांत यंत्र तासभर सुरेख चाललें होतें. बाहेर पडल्यावर ओहोटीच्या प्रवाहाला समोरून वारा भेटला, लाटा उठल्या, नौका डुलूं लागली, आणि यंत्र दोनदां ठसकून बंद पडलें. शीड अजून गवसणींत बांधलेलें! प्रवाह आम्हांस नांगरून ठेवलेल्या एका मोठ्या जहाजाकडे नेऊं लागला. सुदैवानें नांगर मोकळा होता. तो टाकला, साखळी ताणली, नौका थांबली. जहाज तेव्हां अवघें शंभर हातांवर होतें. मुलें बरोबर असतीं तर, हा विचार दोघांच्याही मनांत आला. बोललों मात्र कोणीच नाहीं.

कारण अगदीं साधें निघालें. दोन वर्षें टाकींत पडून राहिलेल्या डिझेलच्या तळाशीं काळा गाळ सांचला होता. स्थिर पाण्यांत तो तळाशींच बसून राहिला. लाटांनीं ढवळतांच वर येऊन गाळणींत अडकला. बंदरांतील तासाभराच्या परीक्षेनें हें कळणें शक्यच नव्हतें.

दुरुस्तीनंतरच्या नौकेचें मर्म येथेंच आहे. जेथें जेथें मनुष्याचा हात लागला, तेथें तेथें नवी शंका धरावी. तळांतील पाण्याच्या झडपा उतरण्यापूर्वीं व उतरल्यावर तपासाव्या. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या नव्या पोलादी तारा पहिल्या ताणानें किंचित् लांबतात. त्या पुन्हां कसाव्या. होकायंत्राजवळ एखादें नवें लोखंडी उपकरण बसविलें असल्यास त्याची सुई चुकीची दिशा दाखवूं शकते. ओळखीच्या खुणांशीं ती ताडून पाहावी. यंत्र सुरू असलें तरी शीड गवसणींतून काढून व नांगर मोकळा ठेवूनच निघावें. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक घरांतील सर्वांस ठाऊक असावा.

मोठ्या दर्यावर्दींनींही हीच पायरी सोडली नाहीं. गोव्यांत बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेंतून नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्यें एकटेच पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले, आणि मे २०१० मध्यें परतले. असें करणारे ते पहिले भारतीय. पण त्यापूर्वीं ते मॉरिशसपर्यंत जाऊन तेथून एकट्यानें परत आले होते. नौकेची ओळख आधीं, पराक्रम नंतर! ‘तारिणी’ घेऊन निघालेल्या नौदलाच्या सहा स्त्री-अधिकाऱ्यांस २०१८ मध्यें सुकाणूच्या बिघाडामुळें मॉरिशसला थांबावें लागलें. दुरुस्ती करूनच त्या २१ मे रोजीं गोव्यास पोहोंचल्या. थांबण्यांत त्यांना कमीपणा वाटला नाहीं.

दादांनीं टाकी रिकामी करून धुतली, गाळण्या बदलल्या, आणि तीन रविवार केवळ बंदराच्या परिसरांत नौका फिरविली. चौथ्या रविवारीं मुलें मांडव्यास गेलीं. त्या दिवशीं सुकाणूवर वहिनी होत्या.