७ टेस्लाचं एमआरआय मशीन एवढं पॉवरफुल, तरी मेंदूचा काही भाग काळा का येतो?

यवतमाळच्या नवरात्रात देवी पाहायला फिरला असाल तर हा अनुभव आला असेल. मोठ्या मंडपासमोर एका जागी उभं राहिलं की बास थेट छातीत धडधडतो. दोन पावलं सरकलं की तोच आवाज बसतो. साऊंडवाल्याने काहीच बदललेलं नसतं. वेगवेगळ्या बॉक्समधून निघालेल्या लहरी एका जागी एकमेकींना जोर देतात, दुसरीकडे एकमेकींना मारतात.

७ टेस्लाच्या एमआरआयमध्ये मेंदूत असंच काहीसं होतं.

डोक्याचा एमआरआय म्हटलं की आपल्याकडे कोणीतरी सांगतंच, "दीड टेस्लाचा नको, नागपूरला जाऊन थ्री टेस्लाचा करा." त्यात ७ टेस्लाच्या फोटोंचे रील्स. टेस्ला जास्त तेवढा फोटो भारी, हे गणित डोक्यात पक्कं बसतं. ते अर्धंच खरं आहे.

टेस्ला हे चुंबकाची ताकद मोजायचं माप. ७ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या दीड लाख पटींहून जास्त. अशा चुंबकात आपल्या शरीरातल्या पाण्याचे हायड्रोजन कण एका ठरावीक लयीत घुमतात. त्यांच्याकडून सिग्नल मिळवायचा तर मशीनला त्याच लयीची रेडिओलहर सोडावी लागते. दीड टेस्लाला ही लय साधारण ६४ मेगाहर्ट्झ, तीनला १२८, सातला जवळपास ३००. लय वाढली की लहरीची लांबी घटते, आणि मेंदूत पाणी भरपूर असल्याने ती आणखी आखडते. दीड टेस्लाला ती डोक्याहून खूप लांब असते, म्हणून त्रास जाणवत नाही. सातला मेंदूत ती उरते जेमतेम १२-१३ सेंटिमीटर, म्हणजे डोक्याहून लहान. मग मधला भाग लख्ख दिसतो, कानांजवळचा भाग आणि खालचा लहान मेंदू अंधारात जातो.

कानांजवळचा हा भाग म्हणजे टेम्पोरल लोब. मोठ्या माणसांमध्ये औषधाने न थांबणाऱ्या फिट्स बऱ्याचदा इथूनच सुरू होतात. ऑपरेशन करायचं की नाही, हे तिथला बारीकसा डाग सापडतो की नाही यावर अडू शकतं. साध्या मशीनवर डाग सापडला नाही म्हणून पेशंटला ७ टेस्लामध्ये झोपवायचं, आणि नेमका तोच कोपरा काळा. पंचाईत ही आहे.

मग कॉम्प्युटरवर ब्राइटनेस वाढवायचा ना? थोडंफार जमतं. सिग्नल पकडणाऱ्या कॉइलमुळे आलेली सावली सॉफ्टवेअर बऱ्यापैकी पुसतं. पण लहर पुरेशी पोहोचलीच नसेल तर तिथे पेशींमधला फरक नोंदलाच जात नाही. जे टिपलंच नाही ते फिल्टर कुठून आणणार?

एक उपाय अगदी देशी जुगाड वाटेल असा आहे. कॅल्शियम टायटॅनेटची पूड पाण्यात कालवून उशीसारखी पातळ पिशवी करायची आणि कानाशी ठेवायची. ही पेस्ट त्या भागात लहरीचा जोर वाढवते. तिच्यात बरेचदा जड पाणी वापरतात, म्हणजे पिशवी स्वतः फोटोत उगवत नाही.

दुसरा उपाय महागडा. डोक्याभोवती एकाच्या जागी आठ ट्रान्समीटर लावायचे आणि प्रत्येकाचा जोर आणि टायमिंग वेगळं ठेवायचं. साऊंडवाल्याने प्रत्येक बॉक्स वेगळा ट्यून करावा तसं. अडचण अशी की प्रत्येक डोकं वेगळं, त्यामुळे हे ट्यूनिंग दर पेशंटला नव्याने करावं लागे आणि त्यात वेळ जाई. २०१७ मध्ये फ्रान्सच्या न्यूरोस्पिन केंद्रातल्या संशोधकांनी अनेक डोक्यांवरून आधीच काढून ठेवलेलं एक सामाईक सेटिंग मांडलं. ते नव्या माणसालाही बऱ्यापैकी लागू पडतं. अमेरिकेत ७ टेस्लाच्या मशीनला पेशंट तपासायची पहिली परवानगी मिळाली तीही २०१७ मध्येच. २०२४ मध्ये त्याच फ्रेंच केंद्राने ११.७ टेस्लावर माणसाच्या मेंदूचे फोटो काढून दाखवले. तिथे लहर आणखी आखूड, म्हणजे डोकेदुखी आणखी मोठी. शिवाय जोर वाढवताना शरीर किती तापतं याची मर्यादा पाळावीच लागते.

आणि ही भानगड फक्त परदेशातल्या मशीनची नाही. ३ टेस्लाला शरीरात लहर साधारण २६ सेंटिमीटरची होते. डोक्याला ती बऱ्यापैकी पुरते, पोटाला कमी पडते. पोटात पाणी झालेल्या पेशंटच्या ३ टेस्ला स्कॅनमध्ये मधोमध काळी सावली येऊ शकते. अशा वेळी डॉक्टरांनी दीड टेस्लाच लिहून दिला तर तो स्वस्तातला पर्याय म्हणून दिलेला असेलच असं नाही.