भीमगीताची लय कोण ठरवणार?

एप्रिल आला की रोडपाली-कळंबोलीच्या रस्त्यांवर निळे झेंडे लागतात आणि मिरवणुकीत भीमगीते वाजू लागतात. पोरे बेभान नाचतात. त्यांच्या नाचण्याला आमचा आक्षेप नाही. ज्यांच्या आजोबांना गावातून वरात काढण्याची चोरी होती, त्यांची नातवंडे भर रस्त्यात नाचतात, हीसुद्धा बाबासाहेबांचीच देणगी. आमचा प्रश्न वेगळा आहे. वामनदादा कर्डकांचे गाणे डीजेच्या भिंतीतून बाहेर पडते, तेव्हा त्यातले काय शिल्लक राहते?

शब्द तर गाण्यात असतातच. पण ते काळजात उतरवतात लय, पट्टी आणि भाव. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे सोल संगीत पाहा. चर्चमधल्या आर्त गायनातून ते घडले. ऑक्टोबर 1963 मध्ये श्रेव्हपोर्ट येथे सॅम कुक या गायकाला गोऱ्यांच्या हॉटेलने खोली नाकारली. 30 जानेवारी 1964 रोजी त्याने 'अ चेंज इज गॉना कम' हे गाणे ध्वनिमुद्रित केले. पट्टी बी फ्लॅट, म्हणजे आपल्या पेटीवरची काळी पाच. लय संथ, आपल्या दादऱ्याजवळचा झोका. थाट दुःखी मानला जाणारा मायनर नाही, तर मेजर. तरीही ऐकताना घसा दाटतो. कारण वेदना आणि उद्याचा भरवसा एकाच आवाजात आहेत. हेच गाणे दुप्पट वेगाने वाजवा. शब्द तेच राहतील, पण अपमान सोसलेला माणूस त्यातून निघून जाईल.

वेगवान गाणे म्हणजे उथळ, असेही नाही. ओटिस रेडिंगने 1965 मध्ये गायलेले 'रिस्पेक्ट' 1967 मध्ये अरेथा फ्रँकलिनने गायले, तेव्हा ते ठसक्यात आणि जोशात स्त्रीच्या स्वाभिमानाचे गाणे झाले. तिथे वेग अर्थासाठी होता.

आपल्या जलशांनाही हे ठाऊक होते. लाऊडस्पीकर नसताना शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोहोचावा म्हणून शाहीर चढ्या पट्टीत गात. ढोलकी जोर धरी, पण मुद्द्याची ओळ आली की ठेका दबे आणि शब्द पुढे येई. विठ्ठल उमप यांच्यासारखा शाहीर कव्वालीही गाई आणि पोवाडाही. प्रत्येकाचा भाव निराळा. ते करमणूक करीत, पण करमणुकीच्या वाटेने प्रबोधन करीत.

कॅसेटचा वेग सहा टक्क्यांनी वाढवला की पट्टी अर्ध्या सुराने चढते. काळी चारची पांढरी सहा होते. आता संगणकावर पट्टी तीच ठेवून लय हवी तेवढी पळवता येते. त्यावर ठोका चढवला की शब्द गाडले जातात. यंत्राला लय समजते, पट्टी समजते. भाव समजत नाही. तो माणसालाच सांभाळावा लागतो.

कायदा काय म्हणतो? वामनदादांचे निधन 2004 साली झाले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या काव्यावर 2064 अखेरपर्यंत कॉपीराइट आहे. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 57 नुसार तो हक्क विकला तरी कवीचा नावाचा हक्क उरतो आणि प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या विद्रूपीकरणाविरुद्ध दाद मागता येते. त्याच्या पश्चात हे वारसांनाही करता येते. मात्र निव्वळ लय वाढवली म्हणून दावा जिंकता येईल, अशा भ्रमात कोणी राहू नये; प्रतिष्ठेची बाधा सिद्ध करावी लागते.

म्हणून कोर्टाआधी जयंती मंडळाने निर्णय घ्यावा. डीजेला पैसे वर्गणीतून जातात. तेव्हा अटीही वर्गणीदारांच्याच हव्यात. मिरवणुकीत नाचायची गाणी जरूर वाजवा. पण एक तास मूळ लयीत, मूळ पट्टीत, पेटी-ढोलकीवर गाणाऱ्या वस्तीतल्या गायकाला द्या. त्याला मानधन द्या. गाण्याआधी कवीचे नाव घ्या. रोडपालीतल्या मुलाला गाण्याचा ठेका पाठ आहे आणि कवीचे नाव ठाऊक नाही, तर त्यात दोष मुलाचा नाही. ते नाव त्याच्या कानावर घालणे हे मंडळाचे आणि आपणा सर्वांचे काम आहे.

जयभीम!